अंदाज सोडा, माप धरा : मशीनशॉपच्या कामाची तोंडओळख

हाताने काम करून खाणाऱ्यांची आपल्या समाजात वाण नाही. भिवंडी आणि मालेगावात यंत्रमाग दुरुस्त करणारे, मुंबईत गॅरेज चालविणारे, तालुक्याच्या गावी पाण्याचे पंप आणि इंजिने खोलून बसविणारे कारागीर आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बापाकडून मुलाकडे आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे ही विद्या चालत आली आहे. तरीही एक गोष्ट मनाला लागते. मोडलेला भाग ठीक करण्याचे काम आपल्याकडे येते. तोच भाग नवा आणि शेकड्याने बनविण्याची ऑर्डर मात्र दुसऱ्या दारी जाते. विचारले तर उत्तर मिळते, "आमच्याजवळ मोठे यंत्र नाही."

आमच्या मते खरे कारण यंत्राचे नाही, मापाचे आहे. ज्याला ड्रॉइंग वाचता येते, दिलेल्या मर्यादेत माप राखता येते आणि ते मोजून दाखविता येते, त्याच्याकडे जुने लेथ असले तरी काम येते. ज्याचे काम नजरेवर आणि अंदाजावर चालते, त्याला नवेकोरे यंत्र दिले तरी माल परत येतो. म्हणूनच आज आम्ही यंत्रांची ओळख करून देताना मापाचा धागा हातातून सोडणार नाही.

मशीनिंग म्हणजे काय?

धातूचा भाग अनेक प्रकारे घडतो. धातू वितळवून साच्यात ओतला की ओतीव भाग होतो. तापवून ठोकला की घडाईचा भाग होतो. पत्रा डायमध्ये दाबला की प्रेसचा भाग होतो. चौथी रीत म्हणजे मशीनिंग. यात जॉबपेक्षा कठीण अशा टूलने धातूचा नको असलेला अंश कापून काढतात आणि हवा तो आकार शिल्लक ठेवतात. ओतकाम आणि घडाई आकार देतात, नेमके माप मात्र बहुधा मशीनिंगच देते. त्यामुळे फाउंड्रीतून आलेली पुली असो वा घडाईचा क्रँक, शेवटी त्याला मशीनशॉपची पायरी चढावी लागते.

ही विद्या आपल्याला परकी नाही. दिव्य कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.स.) यांचा उल्लेख आहे. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि चिलखत बनविताना कड्या योग्य मापाने जोडण्याचा आदेश दिला. धातूकामाबरोबर मापाचीही आज्ञा यावी, यात कारागिरासाठी मोठा बोध आहे. पुढे दियारबकरच्या अर्तुकी दरबारातील अल्‌-जझरी यांनी १२०६ च्या सुमारास यंत्रांवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. झडपेचा खुंटा आणि त्याची बैठक कुरुंदाच्या पुडीने एकमेकांवर घासून पाणी झिरपणार नाही इतकी घट्ट कशी बसवावी, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. इंजिनाचे व्हॉल्व्ह बसविणारा आपला मेकॅनिक आजही पेस्ट लावून हेच करतो.

आधुनिक लेथला रूप देणाऱ्यांत इंग्लंडच्या हेन्री मॉड्सले यांचे नाव अग्रभागी येते. टूल हातात धरण्याऐवजी सरकत्या स्लाइडवर घट्ट बांधून लीड स्क्रूने चालविणारे त्यांचे लेथ १८०० च्या सुमाराचे आहे. त्यांनी आपल्या शॉपसाठी एक मोजयंत्रही बनविले होते. दोन कामगारांत मापावरून वाद झाला तर ते यंत्र सांगेल तेच अखेरचे. म्हणून त्याला विनोदाने 'लॉर्ड चॅन्सलर' म्हणत. थोर यंत्रकाराच्या शॉपमध्ये न्यायाधीशाची खुर्ची मापाला होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शॉपमधील मुख्य यंत्रे

लेथ : यात जॉब फिरतो आणि टूल सरकते. जे जे गोल, ते ते लेथचे काम. बाहेरचा व्यास कमी करणे म्हणजे टर्निंग, तोंड सपाट करणे म्हणजे फेसिंग, आतील छिद्र मोठे करणे म्हणजे बोरिंग. याशिवाय आटे पाडणे, टेपर काढणे, नर्लिंग करणे ही कामेही लेथवर होतात. जॉब धरण्यासाठी तीन जॉचा चक असतो. तो जॉब आपोआप मध्यावर आणतो, पण जुना झाला की त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. चार जॉच्या चकात प्रत्येक जॉ वेगळा सरकतो. त्यात डायल लावून जॉब मध्यावर आणायला वेळ लागतो, पण ओबडधोबड ओतीव भागासाठी आणि नेमक्या कामासाठी तोच खरा.

ड्रिल : येथे टूल फिरते आणि जॉब स्थिर असतो. साध्या ट्विस्ट ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो. दोन्ही धारा सारख्या लांबीच्या घासलेल्या नसतील तर छिद्र मोठे पडते. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की ड्रिल छिद्र पाडते, माप देत नाही. नेमक्या मापासाठी नंतर बोरिंग वा रीमर हवाच.

शेपर आणि स्लॉटर : शेपरमध्ये टूल आडवे पुढे-मागे जाते, पुढे जाताना कापते आणि मोकळे परत येते. काम संथ असल्याने नवे शेपर आता क्वचितच कोणी घेतो, पण लहान शॉपमध्ये सपाटीचे काम ते अजून करते. स्लॉटरमध्ये टूल उभे चालते. पुलीच्या छिद्रात चावीची खाच काढायला त्याचा उपयोग होतो.

मिलिंग : अनेक दातांचा कटर फिरतो आणि टेबलावर बांधलेला जॉब त्याखालून सरकतो. सपाट पृष्ठ, खाचा, गिअरचे दात ही याची कामे. गिअरसाठी इंडेक्सिंग हेड लागते. त्याची मूठ ४० वेळा फिरविली की जॉब एकदा फिरतो. त्यामुळे दात किती पाडायचे त्या संख्येने ४० ला भागावे. ३२ दात पाडायचे असतील तर प्रत्येक दातासाठी मूठ सव्वा वेळा फिरवावी लागेल, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि २० छिद्रांच्या वर्तुळावर ५ छिद्रे पुढे. एवढा हिशेब ज्याला आला, त्याला गिअर कटिंगची अर्धी भीती राहत नाही.

ग्राइंडर : येथे टूलच्या जागी फिरणारे चाक असते. कडक केलेले पोलाद साध्या टूलला सहसा दाद देत नाही, ते ग्राइंडिंगने मापात येते. लेथवर व्यासात ०.३ मिलिमीटरच्या आसपास जास्त ठेवून शेवटचे काम ग्राइंडरवर करतात.

डाय बनविणाऱ्यांना लागणारी स्पार्क आणि वायरकट यंत्रे वेगळ्या जातीची आहेत. ती धातू टूलने नव्हे तर विजेच्या ठिणगीने काढतात.

एक शाफ्ट, एक बुश

आता एक प्रत्यक्ष काम घेऊ. मागावर, पंपात, चक्कीत सर्वत्र आढळणारी जोडी म्हणजे पोलादी शाफ्ट आणि त्याखालचा गनमेटलचा बुश. समजा शाफ्ट २५ मिलिमीटरचा आहे. ड्रॉइंगवर लिहिलेले असते : छिद्र २५ एच ७, शाफ्ट २५ एफ ७. अनेक कारागीर पुढची अक्षरे सोडून देतात आणि दोन्ही '२५ चे' बनवितात. सगळी गडबड येथेच होते.

एच ७ म्हणजे छिद्र २५.००० पेक्षा कमी नको आणि २५.०२१ पेक्षा जास्त नको. एफ ७ म्हणजे शाफ्ट २४.९५९ ते २४.९८० या दरम्यान हवा. याचा अर्थ दोघांमध्ये कमीत कमी ०.०२० आणि जास्तीत जास्त ०.०६२ मिलिमीटर जागा राहील. ही जागा तेलासाठी आहे. दोन्ही नेमके २५ चे झाले तर शाफ्ट तापून जाम होईल. जागा जास्त झाली तर शाफ्ट खडखडेल, तेल टिकणार नाही आणि बुश लवकर झिजेल.

शाफ्टची कृती अशी. २८ मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा बार घ्यावा, दोन्ही तोंडे फेस करून सेंटर ड्रिल मारावे. शक्यतो दोन सेंटरच्या मध्ये धरूनच टर्निंग करावे. चकात उलटसुलट धरले तर दोन टोकांचे व्यास एका रेषेत राहत नाहीत. साधारण २५.३ पर्यंत उतरवून बाकीचे ग्राइंडरवर घ्यावे. मात्र चावीची खाच ग्राइंडिंगच्या आधी मिलिंगवर काढावी. २५ च्या शाफ्टला ८ मिलिमीटर रुंद चावी लागते आणि शाफ्टमध्ये खाच ४ मिलिमीटर खोल असते.

बुशची कृती थोडी निराळी आहे. बाहेरचा व्यास ३२ धरू. तो हाउसिंगमध्ये दाबून बसवायचा असल्याने हाउसिंगच्या छिद्रापेक्षा किंचित मोठा, म्हणजे ३२.०२६ ते ३२.०४२ ठेवावा. हाउसिंगचे छिद्र ३२.००० ते ३२.०२५ हवे. आता खुबी येथे आहे : बुश दाबून बसविला की त्याचे आतील छिद्र आवळते. लेथवरच २५ एच ७ पूर्ण करून ठेवले तर बसविल्यावर शाफ्ट आत जाणार नाही, आणि मग कानशीने नाहीतर एमरी पेपरने घासाघीस सुरू होते. म्हणून लेथवर छिद्र २४.७५ पर्यंतच बोर करावे, बुश दाबून बसवावा आणि मग जागेवरच २५ चा रीमर फिरवावा.

मोजणे हेही काम आहे

आपले जुने उस्ताद 'सुता'त बोलत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नंतर 'थाऊ' आला, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन. आता वरचा शाफ्ट पाहा. त्याची सगळी मर्यादा २१ मायक्रॉनची आहे, एका थाऊपेक्षाही कमी! साध्या व्हर्नियरवर एक घर २० मायक्रॉनचे असते. म्हणजे सगळी मर्यादा एका घरात संपते. अशा कामाला व्हर्नियर चालत नाही. १० मायक्रॉन वा त्याहून बारीक दाखविणारा मायक्रोमीटर आणि छिद्रासाठी बोअर गेज वा प्लग गेज हवा. प्लग गेजचे एक टोक आत गेले पाहिजे आणि दुसरे जाता कामा नये. त्यात नजरेचा प्रश्नच उरत नाही.

दुसरी चूक म्हणजे गरम जॉब मोजणे. जगभर मापाचे प्रमाण २० अंश सेल्सिअसला धरले आहे. कापताना शाफ्ट भोवतालच्या हवेपेक्षा ५० अंशांनी तापला असेल तर २५ मिलिमीटरचा व्यास सुमारे १४ मायक्रॉनने फुगलेला असतो. मोजताना बरोबर वाटलेला शाफ्ट निवल्यावर लहान भरतो. वरच्या मर्यादेचा दोन-तृतीयांश हिस्सा नुसत्या उष्णतेने खाल्ला! म्हणून शेवटच्या कटाआधी जॉब निवू द्यावा.

मापात कसूर करणाऱ्यांवर कुरआनची एक संपूर्ण सूरह त्यांच्याच नावाने आहे : अल्‌-मुतफ्फिफीन. आपण ती तराजू धरणाऱ्या वाण्यापुरती समजतो. आमच्या समजुतीने जो कारागीर माप चुकल्याचे ठाऊक असूनही भाग डब्यात भरून पाठवितो, त्यानेही ती लक्षपूर्वक वाचावी.

गती किती ठेवावी?

टूल वारंवार जळते अशी तक्रार सर्वत्र असते. बहुतेक वेळा दोष पोलादाचा नसून गतीचा असतो. साध्या हाय स्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील मिनिटाला साधारण ३० मीटर, बीड २० मीटर आणि पितळ-गनमेटल ५० मीटर या वेगाने कापावे. कार्बाइडच्या टिपेने माइल्ड स्टील १०० मीटर वा त्याहून जास्त वेगाने कापता येते. फेरे काढण्याचा हिशेब सोपा आहे : वेगाला ३१८ ने गुणावे आणि व्यासाने भागावे. २८ मिलिमीटरचा माइल्ड स्टील बार असेल तर ३० गुणिले ३१८ भागिले २८, म्हणजे सुमारे ३४० फेरे. लेथवर याच्या जवळची जी गती असेल ती घ्यावी. पोलादाला पाण्यात मिसळलेले कटिंग ऑइल द्यावे. बीड मात्र कोरडेच कापावे, कारण त्याची भुकटी तेलात मिसळली की चिखल होऊन यंत्राच्या बेडला झिजविते.

सीएनसी : कोणी घ्यावे?

१९५२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेत अंकांच्या आज्ञेवर चालणारी मिलिंग मशीन दाखविण्यात आली. त्याचेच पुढचे रूप म्हणजे सीएनसी. यात हाताने चाके फिरविण्याऐवजी प्रोग्राम टूलला चालवितो. पाचशेवा नगही पहिल्यासारखाच निघतो, परंतु टूल झिजत असल्याने मध्ये मध्ये मोजून दुरुस्ती द्यावीच लागते. ज्याला मोजता येत नाही, त्याचे सीएनसी चुकीचे नग फक्त अधिक वेगाने काढील.

यंत्र घेण्याआधी नग मोजावेत. समजा सेटिंगला एक तास आणि एका नगाला ६ मिनिटे लागतात. १० नगांच्या ऑर्डरमध्ये दर नगाला १२ मिनिटे पडतात, २०० नगांमध्ये ६.३ मिनिटे. जो दोन्हींना एकच भाव सांगतो तो लहान ऑर्डरमध्ये बुडतो, नाहीतर मोठी ऑर्डर गमावतो. ज्याच्याकडे रोज चार-पाच वेगवेगळे नग येतात, त्याला चांगले लेथ आणि चांगली मोजसाधने पुरेत. ज्याला एकाच भागाची महिनोन्‌महिने ऑर्डर आहे, त्यानेच सीएनसीचा विचार करावा.

भांडवलाचा प्रश्न येतो. व्याजाच्या कर्जाचा बोजा मान्य नसणाऱ्या बंधूंनी मुदारबत किंवा भागीदारीचा मार्ग नीट अभ्यासावा. मुदारबतमध्ये एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत असते. नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो आणि कारागिराची हयगय नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलदार सोसतो. मात्र हे सारे कागदावर हवे आणि हिशेबाची वही उघडी हवी. तोंडी भागीदारीने भाऊ भावाचा वैरी झालेला सर्वांनी पाहिला आहे.

बुरा कोणाचा?

एका प्रश्नाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. वरचा बुश ४० मिलिमीटर लांब आणि ३५ च्या भरीव बारमधून काढला, तर सुमारे ३७५ ग्रॅम गनमेटल लागते. तयार बुश भरतो अवघा ११० ग्रॅम. उरलेला २६५ ग्रॅम बुरा शॉपमध्ये पडतो आणि त्याला बाजारात चांगली किंमत येते. जॉबवर्कमध्ये माल गिऱ्हाईकाचा असतो. मग बुरा कोणाचा? आधी काही ठरले नसेल तर तो गिऱ्हाईकाचाच, आपल्याकडे तो अमानत आहे. 'सगळे ठेवतात' हे काही उत्तर नव्हे. सरळ मार्ग असा, की चलनावर लिहून घ्यावे : बुरा परत करायचा, की तो ठेवून मजुरी तेवढी कमी लावायची. दोन्ही रीती स्वच्छ आहेत. शिवाय गनमेटल, पितळ आणि लोखंडाचा बुरा वेगवेगळा ठेवावा. मिसळला की भाव पडतो. गिऱ्हाईकाला भरीव बारऐवजी पोकळ ओतीव माल देण्याचा सल्ला द्यावा; त्यात धातू आणि वेळ दोन्ही वाचतात, आणि असा सल्ला देणारा कारागीर गिऱ्हाईक विसरत नाही.

मजुरी थकण्याचीही तक्रार असते. उद्यम नोंदणी करून घ्यावी, ती विनामूल्य आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून काम करून घेणाऱ्याला लेखी करारानेही ४५ दिवसांहून जास्त मुदत घेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात.

हात सलामत तर धंदा सलामत

फिरत्या यंत्रावर हातमोजे घालू नयेत; मोजा अडकला की बोटही जाते. लांब बाही, सैल कुर्ता, गळ्यातील रुमाल, अंगठी यांचेही तेच. चक की चकात ठेवून यंत्र कधीही सुरू करू नये. बुऱ्याचे गुंडाळे हाताने नव्हे, हुकाने काढावे. ग्राइंडरवर चष्मा लावावा. आणि लहान मुलांना यंत्रापाशी उभे करू नये. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास कायद्याची बंदी तर आहेच, पण त्या वयात त्याच्या हाती वही-पेन्सिल असेल तरच उद्या तो ड्रॉइंग वाचील.

दहावीनंतर आयटीआयमध्ये टर्नर, मशिनिस्ट आणि फिटर हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल-डाय आणि सीएनसीचे शिक्षण मिळते. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या मुलाला हे शिक्षण जोडून दिले तर हाताची सफाई आणि मापाची शिस्त दोन्ही एकत्र येतील.

कारागीर बंधूंनो, या आठवड्यात एवढेच करा. आपल्या शॉपमधला मायक्रोमीटर पुसा, त्याचा शून्य तपासा आणि डब्यात भरून ठेवलेले दहा नग पुन्हा मोजा. जे मर्यादेत नाहीत ते बाजूला काढा, मग नुकसान कितीही दिसो. अल्लाह आपल्या हाताच्या कमाईत बरकत देवो आणि माप पुरे राखण्याची तौफीक देवो. आमीन.